कुंडीतलं झाड पिवळं पडलं? औषध विचारण्याआधी तळ बघा

गच्चीकर | ३ मे, सकाळी ७:४०

‘कढीपत्ता पिवळा पडलाय, काय घालू?’ एवढ्या एका ओळीवर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. उत्तरं मात्र वीस येतात. कुणी ताक सांगतं, कुणी एप्सम सॉल्ट, कुणी चहाचा चोथा. झाड बिचारं सगळं पितं आणि जातं. म्हणून हा वेगळा धागा.

विचारताना एवढं लिहा: कुंडी किती इंची, कशाची, तळाला भोकं किती. ऊन किती तास, सकाळचं की दुपारचं. पाणी नळाचं की बोअरचं, आणि ‘रोज’ म्हणजे तांब्याभर की झारीभर. मातीत काय काय मिसळलंय. शेवटचं खत कोणतं, किती, कधी. फोटो दोनच पुरेत, एक पानाच्या मागच्या बाजूचा आणि एक कुंडीच्या तळाचा. समोरून काढलेला देखणा फोटो घरच्या ग्रुपवर टाका, इथे त्याचा उपयोग नाही.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते आधी बघा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुनीच पानं, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसत असेल तर लोह. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही, म्हणून हा फरक पडतो. आणि माती ओली असूनही झाड मलूल असेल तर खताची पिशवी उघडूच नका. मुळं गुदमरली आहेत, त्यात खत म्हणजे जखमेवर मीठ.

माती ओली आहे का हे वरून बघून कळत नाही. बोट दोन पेरं आत खुपसा. लहान कुंडी असेल तर सरळ उचलून बघा, ओली आणि कोरडी यांच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो.

सदाफुली | ३ मे, सकाळी ९:१५

मग माझ्यापासूनच सुरुवात. कढीपत्ता, पुणे. १२ इंची प्लॅस्टिकची कुंडी, भोकं चार, तीन वर्षं तीच. ऊन सकाळचं ४ तास. बोअरचं पाणी, रोज साधारण लिटरभर. निम्मं कोकोपीट, निम्मी माती. दोन महिन्यांपासून नवी पानं फिकट, शिरा हिरव्या. दर आठवड्याला आंबट ताक चालू आहे. तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत. फोटो जोडलेत.

गच्चीकर | ३ मे, सकाळी १०:०५

सदाफुलीताई, असं विचारलं की अर्धं उत्तर प्रश्नातच मिळतं. तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र झाल्यात. कुंडी मुळांनी भरलीय, आणि बोअरच्या पाण्यामुळे मातीतलं लोह असूनही मिळत नाहीये. बादलीला आतून पांढरा थर बसतो का बघा. बसत असेल तर पाणी क्षारयुक्त आहे. तीन वर्षं तेच पाणी पडलं की मातीचा सामू (पीएच) वर चढतो आणि लोह मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकून बसतं.

मेच्या उन्हात मुळं कापू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा गार झाली की करा. तोपर्यंत चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं, ईडीटीए असलेलं, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पानांच्या मागच्या बाजूनेही. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नंतर दहा दिवस पानं तोडू नका. ईडीटीए मातीत घालून फारसा उपयोग नाही, सामू ७च्या वर गेला की ते टिकत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए असलेलं घ्या. लालसर तपकिरी पूड असते, महाग असते, पण १२ इंची कुंडीला २-३ ग्रॅम पुरतं.

जूनमधलं काम असं. आधी दोन दिवस पाणी तोडा. कुंडी आडवी करून कडांवर सगळीकडून तळहाताने थापट्या मारा, खोडाला धरून ओढू नका. गठ्ठा बाहेर आला की बाहेरच्या बाजूला मुळांची चटई दिसेल, काथ्याच्या पायपुसण्यासारखी, कुंडीच्या आकाराची. त्यातलं एखादं मूळ बोटांत धरून हलकेच ओढा. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट पिवळं, टणक असतं, ओढल्यावर तुटतं. कुजलेल्याची साल हातमोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा उरतो, आणि वास येतो. कुजलेलं सगळं काढा. चटई बाहेरून २-३ सेंमी आणि तळातून ३-४ सेंमी धारदार सुरीने सरळ कापा, बाजूने वरपासून खालपर्यंत चार उभ्या चिरा द्या. मुळं जेवढी काढली तेवढा वरचा भारही कमी करा, म्हणजे साधारण एक तृतीयांश फांद्या.

नवी कुंडी १४ ते १६ इंची. एकदम २० इंचीत टाकू नका, मुळं पोचत नाहीत तिथली माती आंबते. मिश्रण: चार भाग माती, तीन भाग कंपोस्ट, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस, वर मूठभर निंबोळी पेंड. पुण्याची काळी माती वापरत असाल तर वाळू दुप्पट. खोड पूर्वी जिथपर्यंत मातीत होतं तिथपर्यंतच पुरा. आठ-दहा दिवस सावलीत, तीन आठवडे खत बंद.

निंबोणी | ३ मे, दुपारी १२:३०

कुंडी भरताना तळाला दोन इंच विटांचे तुकडे घालायचं राहिलं. निचरा त्यानेच होतो.

पाचोळा | ३ मे, दुपारी १:१०

निंबोणी, इथे मतभेद. सगळ्या नर्सऱ्या हे सांगतात, पण विटांच्या थराने निचरा वाढत नाही, उलट कमी होतो.

भांडी घासायचा स्पंज घ्या. पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल, मग थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही तळाशी काही सेंमी माती कायम ओली राहते, कारण बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. तुम्ही विटा घातल्या की ती ओली पट्टी दोन इंच वर सरकते, थेट मुळांत. वर मातीची उंची कमी झाली ती वेगळीच.

भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवा, माती वाहून जात नाही. निचरा सुधारायचा तर संपूर्ण मिश्रणात वाळू, तूस किंवा पाचोळा घाला. आणि प्लॅस्टिकच्या कुंडीला तळाखेरीज बाजूलाही, तळापासून २ सेंमी वर, चार भोकं पाडा. तळाची भोकं फरशीला चिकटून बंद झाली तरी ही चालू राहतात.

निंबोणी | ३ मे, दुपारी १:४०

स्पंज करून बघितला. बरोबर आहे तुमचं. दहा वर्षं विटा फोडल्या फुकट.

पाचोळा | ३ मे, दुपारी १:५५

ताकाबद्दलही लिहून टाकतो. ताकात लोह नगण्य असतं. आंबटपणाने सामू जरासा उतरतो, पण बोअरच्या पाण्याची एक झारी पडली की पुन्हा जैसे थे. पातळ न करता दर आठवड्याला ओतलं तर वास येतो, मातीत बारीक काळ्या माश्या होतात. हौस असेल तर एका भागाला दहा भाग पाणी, महिन्यातून एकदा. झाड त्यामुळे मरणार नाही, एवढंच म्हणता येईल.

आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी तर अजिबात नको. बचत म्हणून अनेक घरांत तेच कुंड्यांना जातं. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी फुलझाडांना चालतं.

बे-एरियातली-कढी | ४ मे, सकाळी ६:२०

कॅलिफोर्नियातून विचारतेय. कढीपत्ता ५ गॅलनच्या कुंडीत, हिवाळ्यात सगळी पानं गळतात. मेलं समजायचं का? आणि एक रोप दुसऱ्या काउंटीतल्या मैत्रिणीला द्यायचंय.

गच्चीकर | ४ मे, सकाळी ८:००

मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. नखाने खोडावर छोटासा ओरखडा काढा, आत हिरवं दिसलं तर जिवंत. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की घरात, दक्षिणेच्या खिडकीशी. पानं नसताना पाणी अगदी थोडं, माती पूर्ण वाळल्यावरच. हिवाळ्यात कढीपत्ता मरतो तो थंडीपेक्षा पाण्याने. फुटवे दिसले की मग खत.

रोप द्यायचं मात्र थांबवा. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि सिट्रस सायला नावाची कीड त्याच्या कोवळ्या फुटीवर वाढते. संत्री-लिंबांची झाडं मारणारा ग्रीनिंग रोग तीच पसरवते, म्हणून कॅलिफोर्नियात बऱ्याच भागांत विलगीकरणाचे नियम आहेत आणि त्यात कढीपत्त्याची रोपं आणि पानंही येतात. आधी काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. मैत्रिणीला तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्यायला सांगा.

ही कीड आपल्याकडेही आहे. शेंड्याच्या कोवळ्या फुटीमधून मेणाचे पांढरे वळलेले धागे लोंबताना दिसले तर सायलाची पिल्लं समजा. तेवढे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

जास्वंदी-बाल्कनी | ५ मे, रात्री ९:३०

जास्वंद, ठाणे, १४ इंची मातीची कुंडी, ऊन ५ तास. पिठ्या ढेकूण. कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पुंजके, पानं चिकट, वर काजळी. नीमतेल दोनदा मारलं, पानं जळली आणि कीड तशीच. मुंग्याही फार.

पाचोळा | ५ मे, रात्री १०:२०

मुंग्या हाच धागा पकडा. पिठ्या ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर उचलूनही नेतात. त्या चिकट्यावर जी काळी बुरशी वाढते तीच तुमची काजळी. मुंग्या थांबवल्याशिवाय फवारणी म्हणजे भरती चालू असताना किनारा झाडणं. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली प्रत्येक फांदी छाटा, नाहीतर त्या पुलावरून येतात. खोडाभोवती चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन लावा, थेट सालीवर नको.

मग धुणं. नळाला पाइप लावून जोरदार धार, पानाच्या मागून, बेचक्यांतून. निम्मी कीड यातच जाते. जास्त भरलेल्या कळ्या आणि शेंडे छाटून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. उरलेल्या पुंजक्यांवर कानकोरणीच्या कापसाने सर्जिकल स्पिरिट टेकवा, मेण विरघळतं.

आता नीमतेल का जळलं. तेल आणि पाणी मिसळत नाही, आणि बहुतेक जण तेल थेट पाण्यात ओततात. बाटलीतून आधी नुसतं पाणी बाहेर पडतं, शेवटी नुसतं तेल, आणि शेवटची पानं भाजतात. क्रम असा: ५ मिली नीमतेल, त्यात १ ते २ मिली पातळ साबण, दोन्ही चांगलं घोटा. मग चमचा-चमचा कोमट पाणी घालत ढवळा, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. नंतर एकूण १ लिटर करा. वर तेलाचा तवंग दिसला तर ते फवारू नका. भांड्यांच्या जेलपेक्षा पोटॅशचा बागेचा साबण बरा. आधी दोन पानांवर मारून २४ तास बघा. वेळ सूर्यास्तानंतरची, भिजलेल्या झाडावर ऊन नको. दर ६-७ दिवसांनी, चार वेळा. दोनदा मारून सोडलं तर कापसाच्या पिशवीतली अंडी फुटून पुन्हा पहिला दिवस.

जास्वंदी-बाल्कनी | ६ मे, सकाळी ७:१०

धन्यवाद. एक विचारायचं राहिलं. त्यात एक-दोन पिठ्या ढेकूण फारच मोठे आहेत, सेंमीभर, पांढऱ्या झिपऱ्या असलेले, आणि पळतात. तेही स्पिरिटने मारू?

पाचोळा | ६ मे, सकाळी ७:२५

थांबा!! पळणारे आहेत ना? मग ते ढेकूण नाहीत, त्यांना खाणारे आहेत. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याच्या अळ्या. पिठ्या ढेकणासारख्याच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात, पण दुप्पट-तिप्पट मोठ्या आणि चपळ. खरा पिठ्या ढेकूण जवळपास जागचा हलत नाही. प्रौढ भुंगा छोटा, काळा, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, फळबागांत मुद्दाम सोडतात. तुमच्याकडे फुकट आलाय. त्या फांदीवर काहीही फवारू नका, फक्त मुंग्या अडवा. मुंग्या त्याच्या अळ्यांना हुसकावतात.

मिरचीठेचा | ८ मे, दुपारी ३:००

नागपूर. मिरची, ग्रो बॅग १२ बाय १२, ऊन दिवसभर. पानं मुरडलीत. दुकानदाराने गंधक दिलंय. मारू का?

गच्चीकर | ८ मे, दुपारी ३:४०

मुरडलीत कुठल्या दिशेने? पानाच्या कडा वर वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे. खाली वळून पालथ्या वाटीसारखी, देठ लांब झालेला, तर कोळी (माइट). पान बारीक, जाड, पिवळट, झाड खुजं राहून झुपका झालेला, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, म्हणजे बोकड्या. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारची वाचतील.

पानाखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचक्या मारा. बारीक पिवळसर काड्या पळताना दिसल्या तर फुलकिडे. मिरचीचा कोळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

मिरचीठेचा | ८ मे, संध्याकाळी ६:१५

कडा खाली. कागदावर काहीच नाही.

गच्चीकर | ८ मे, संध्याकाळी ६:४०

कोळी, आणि गंधक हे त्याचं बरोबर औषध. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं, लिटरला २ ग्रॅम. पण नागपूरच्या मेमध्ये मारू नका. पस्तिशीच्या वर पारा असताना गंधकाने पानं करपतात, तुमच्याकडे सध्या पहाटेही ऊन चावतं. नीमतेल मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक तसंही चालत नाही, दोन्ही एकत्र आली की पान जातं. आत्ता मुरडलेले शेंडे दोन-तीन पानांसकट छाटा, दुपारी ५० टक्क्यांची हिरवी जाळी, ग्रो बॅगभोवती गोणपाट, मातीवर ५-७ सेंमी पाचोळ्याचं आच्छादन. उन्हात काळी पिशवी तापून कडेची मुळं शिजतात, ते दुखणं वेगळंच चालू असेल. पाणी सकाळी सातच्या आत आणि गरज पडली तर संध्याकाळी. गंधक पाऊस पडून पारा उतरल्यावर.

गच्ची-नवी | ११ मे, सकाळी ११:००

पिंपरी, ३० वर्षं जुनी इमारत. २०० लिटरचे ड्रम आडवे मधोमध कापून, असे आठ अर्धे ड्रम गच्चीवर मांडायचे आहेत. सोसायटी भार मोजायला सांगतेय. कसा मोजतात?

स्लॅबवाला | ११ मे, दुपारी १२:२०

सोसायटी बरोबर सांगतेय. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५मध्ये दर चौरस मीटरला १५० किलो चल भार, म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन सोडून वर येणारा भार, धरतात. त्यात माणसं, टाक्यांखेरीजचं सामान, सगळं आलं. आता तुमचा ड्रम. १०० लिटर ओली माती म्हणजे १६० ते १८० किलो. आडवा कापलेला अर्धा ड्रम जमिनीवर साधारण अर्धा चौरस मीटर जागा व्यापतो, म्हणजे त्या जागेवर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास. नुसता १५ सेंमी ओल्या मातीचा वाफा केलात तरी २७० होतात. आठ ड्रम एकत्र मधोमध मांडले तर नको ते होईल. विखरून, तुळईच्या रेषेवर आणि कॉलमजवळ ठेवले तर चित्र वेगळं. तुळया कुठे आहेत ते खालच्या मजल्याचं छत बघून कळतं. बाहेर झेपावलेल्या बाल्कनीच्या कडेला ड्रम कधीच नको.

खाली विटा किंवा स्टँड घालून ५-७ सेंमी उचला. पाणी साचत नाही, झाडता येतं, आणि गळती सुरू झाली तर दिसते. ३० वर्षांच्या इमारतीत काँक्रीटची सळई फुगली असेल, छताला उभ्या भेगा किंवा पापुद्रे असतील, तर कुंडीही ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हे इथल्या सल्ल्यावर करायचं काम नाही.

पाचोळा | ११ मे, दुपारी १:००

आणि मातीच कशाला? गच्चीत माती कमी, पाचोळा जास्त ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे, श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घराघरांत नेलेली. उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा. १०० लिटरच्या भांड्यात ६० भाग दाबून भरलेला पाचोळा, २० भाग कंपोस्ट, २० भाग माती. ओलं वजन मातीच्या निम्म्यावर येतं.

गोम दोन. पहिली, दोन-तीन महिन्यांत पातळी तिसऱ्या हिश्शाने खचते, वरून भर घालत राहावं लागतं. दुसरी, कच्चा पाचोळा कुजताना सूक्ष्मजीव नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात रोपं पिवळी पडतात. लगेच भाजी लावू नका. थर भरताना दर १५ सेंमीला मूठभर शेंगदाणा पेंड किंवा शेणकाला, आणि महिनाभर ओलं ठेवून कुजू द्या. निलगिरीचा पाचोळा नको. आंब्याची जाड पानं आधी चुरडून घ्या, नाहीतर एकावर एक चिकटून पाणी अडवतात.

वेलवाली | १९ मे, रात्री ८:५०

दुधी, नाशिक, सातवा मजला, ५० लिटरचा ड्रम. मादी फुलं येतात, बोटाएवढा दुधी होतो, टोकाकडून पिवळा पडून गळतो. बोरॉन सांगितलंय कुणीतरी.

गच्चीकर | १९ मे, रात्री ९:२०

बोरॉन राहू द्या. परागीभवन होत नाहीये. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. सातव्या मजल्यावर पतंग कुठून येणार? कारलं, काकडी, भोपळ्याचं फूल सकाळचं, दोडक्याचं संध्याकाळचं, घोसाळ्याचं पुन्हा सकाळचं. आणि आपण सगळ्यांनाच सकाळी आठला ब्रश घेऊन जातो.

संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान वेलापाशी जा. लांब बारीक देठावरचं ते नर, आणि पाकळ्यांमागे इवलासा लवदार दुधी असलेलं ते मादी. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका, मधला पिवळा दांडा तेवढा राहील. बोटाला लावून बघा, पिवळी भुकटी लागली पाहिजे. तो दांडा मादीच्या मधल्या जाड, ओलसर भागावर चारी बाजूंनी हलकेच फिरवा. एका नराने दोन माद्या होतात. जमलं तर दोन-तीन दिवसांत देठ खाली वाकतो आणि लव असलेला दुधी चकाकायला लागतो.

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, त्याला घाबरू नका.

निंबोणी | १९ मे, रात्री ९:४५

फळमाशीही असू शकते ना?

गच्चीकर | १९ मे, रात्री १०:००

असू शकते. तेव्हा फळावर टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब दिसतो, फळ एका अंगाने वाकडं होतं, कापलं की आत अळ्या. सापळा लावताना एक चूक टाळा. आंब्याला लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीयांच्या माशीला उपयोगाचा नाही. दुधी-कारल्यासाठी क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा मागा. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून गळलेली फळं रोज गोळा करून पिशवीत बांधून उन्हात ठेवणंही चालू ठेवा.

सासष्टीचो-शेतकार | १२ जून, सकाळी ६:३०

गोव्यात पाऊस लागला आणि शंखी गोगलगायी आल्या. एका रात्रीत झेंडूची सगळी रोपं साफ. मीठ टाकू?

पाचोळा | १२ जून, सकाळी ७:१५

कुंडीत मीठ टाकू नका, माती कायमची जाते. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचा, हातमोजे घालूनच. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीतून माणसाला घातक कृमी लागू शकतो, त्यामुळे नंतर साबणाने हात, आणि त्या कुंड्यांतली पालेभाजी नीट धुतल्याशिवाय कच्ची नको. वेचलेल्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मग खोल पुरा. जागोजागी ओलं गोणपाट, खाली पपईची पानं किंवा कोबीची पात ठेवा, सकाळी त्याखाली सापडतात. कुंड्यांच्या तळाशी आणि विटांच्या फटीत पांढरी मोत्यासारखी अंडी असतात, ती फोडली तरच पुढची पिढी थांबते. गोगलगायी मारायचे मेटाल्डिहाइडचे दाणे घरात कुत्रं-मांजर असेल तर नकोच, ते चवीने खातात.

सदाफुली | १६ जून, संध्याकाळी ५:४०

आज कढीपत्ता काढला. फवाऱ्यानंतरची पानं हिरवी आलीत. बाहेरची चटई कापली, मुळं पांढरी आहेत, कुजलेली नाहीत. पण मधला नारळाएवढा गोळा आतून ठणठणीत कोरडा निघाला, चार दिवस पाऊस पडत असूनही! पाणी ओतलं तर वरून घरंगळून जातं. असाच नव्या कुंडीत ठेवू?

गच्चीकर | १६ जून, संध्याकाळी ५:५५

नको. ते जुनं कोकोपीट. एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकून टाकतं, आणि कुंडीत ओतलेलं सगळं कडेकडेने तळातून निघून जातं. रोज लिटरभर घालूनही झाड तहानलेलं होतं ते यामुळे. टबात पाणी घ्या, त्यात दोन थेंब साबण, गठ्ठा पूर्ण बुडवा. वर येऊ लागला तर हाताने दाबून धरा. बुडबुडे यायला लागतील.

सदाफुली | १६ जून, संध्याकाळी ६:००

येताहेत. किती वेळ ठेवू?

गच्चीकर | १६ जून, संध्याकाळी ६:०२

बुडबुडे थांबेपर्यंत. मग दहा मिनिटं निथळू द्या आणि लावा.